जुना प्रोसेसर बदलण्यापूर्वीची मोजमापे

माझ्या संगणकात एएमडी कंपनीचा रायझन ५ २६०० हा प्रोसेसर होता. एप्रिल २०१८ मध्ये बाजारात आलेल्या या प्रोसेसरमध्ये सहा कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) असून त्याचा मूळ वेग ३.४ गिगाहर्ट्झ आहे. काम पडले की तो ३.९ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. त्याच्या सोबतीला बी-४५० चिपसेटचा मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या डीडीआर४ रॅमच्या दोन पट्ट्या आणि पुढे केव्हातरी बसवलेले, १२ जीबी मेमरी असलेले आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड होते. मॉनिटर २५६० बाय १४४० पिक्सेलचा आणि १४४ हर्ट्झचा. या जोडणीवर मी अनेक वर्षे समाधानाने खेळत आलो, आणि बहुतेक खेळ आजही तिच्यावर नीट चालत होते. तक्रार काही ठरावीक जागांपुरतीच होती. ‘बाल्डर्स गेट ३’च्या तिसऱ्या अंकात शहराच्या वस्तीत शिरले की चित्र जडावल्यासारखे होई, ‘सायबरपंक २०७७’मध्ये गर्दीच्या चौकातून गाडी वेगाने नेताना मध्येच झटका बसे, आणि ‘सिटीज स्कायलाइन्स’मधील माझे शहर वाढत गेले तसतसा त्यातील काळ इतका संथ सरकू लागला की सर्वांत जलद गतीचे बटण दाबले काय आणि न दाबले काय, फारसा फरक उरेना.

अशा वेळी पहिला संशय सर्वांत जुन्या भागावर जातो, आणि माझ्या संगणकात प्रोसेसर हाच सर्वांत जुना भाग होता. पण वय हा पुरावा नव्हे. यंत्राचा एखादा भाग जुना असणे आणि तोच बाकीच्यांना खोळंबून ठेवत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पैसे खर्च करण्यापूर्वी मला दुसरी गोष्ट सिद्ध झालेली हवी होती. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची नावे भरली की ‘अमुक टक्के अडथळा’ असा निकाल देणारी गणकयंत्रे इंटरनेटवर मिळतात. त्यांचा मी विचारही केला नाही. आपण कोणता खेळ खेळतो, त्यातील कोणत्या भागात आहोत, कोणत्या रिझोल्यूशनवर आणि कोणत्या सेटिंग्जवर खेळतो हे ठाऊक नसताना काढलेल्या टक्केवारीला अर्थ असू शकत नाही, कारण एकाच संध्याकाळी एकाच खेळात हा अडथळा एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे सरकलेला दिसतो.

तो का सरकतो हे कळण्यासाठी एक फ्रेम, म्हणजे पडद्यावर येणारे एक चित्र, कशी तयार होते ते पाहावे लागते. पात्रे कुठे चालली आहेत, कोण कोणाकडे पाहत आहे, कोणती वस्तू कशावर आदळली, याचा हिशेब प्रोसेसर करतो आणि मग काय काय काढायचे याची यादी ग्राफिक्स कार्डाच्या हवाली करतो. प्रत्यक्ष रंग, प्रकाश आणि सावल्या भरण्याचे काम कार्डाचे. सेकंदाला ६० फ्रेम्स हव्या असतील तर दोघांनाही आपापले काम सुमारे १६.७ मिलिसेकंदांत उरकावे लागते, आणि १४४ हव्या असतील तर ७ मिलिसेकंदांच्याही आत. ज्याचे काम उशिरा संपते त्याच्या वेगाने खेळ चालतो. रिझोल्यूशन वाढवले की कार्डाचे काम वाढते, प्रोसेसरचे मात्र जवळजवळ तेवढेच राहते. उलट शंभर नागरिक असलेल्या बाजारपेठेत गेले की प्रोसेसरचे काम फुगते. त्यामुळे ‘माझा प्रोसेसर कमी पडतो का?’ या प्रश्नाला एकच उत्तर नसते. कोणत्या खेळात आणि कोणत्या जागी, हे विचारावेच लागते.

टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरचा वापर पाहणे ही सर्वांना सुचणारी पद्धत आहे आणि तीच सर्वांत जास्त फसवते. शहराच्या वस्तीत खेळ अडखळत असताना माझ्याकडे एकूण वापर ५० टक्क्यांच्या आसपास दिसत होता, आणि त्यावरून प्रोसेसर निम्मा रिकामा आहे असे कोणीही म्हटले असते. वस्तुतः बारा थ्रेडपैकी एकच थ्रेड पूर्ण क्षमतेने राबत असेल तर एकूण वापराच्या आकड्यात त्याचा वाटा जेमतेम ८ टक्क्यांचा असतो. बहुतेक खेळांत एक मुख्य थ्रेड असा असतो की त्याचे काम इतरांत वाटून देता येत नाही, आणि तो अडला की बाकीचे अकरा मोकळे असूनही काही करू शकत नाहीत. म्हणून प्रोसेसरच्या वापराऐवजी मी ग्राफिक्स कार्डाचा वापर पाहायला लागलो. फ्रेम्सच्या संख्येवर कुठलीही मर्यादा घातलेली नसताना कार्ड ९७-९८ टक्के वापरात असेल, तर प्रोसेसर त्याला वेळेवर काम पुरवत आहे असे समजावे. तेच कार्ड ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि फ्रेम्सही कमी असतील, तर ते कशाची तरी वाट पाहत आहे.

मोजण्यासाठी मी आफ्टरबर्नर आणि त्यासोबत येणारे रिव्हाट्यूनर वापरले आणि प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेची नोंद ठेवण्यासाठी कॅपफ्रेमएक्स. सरासरी एफपीएस (सेकंदाला येणाऱ्या फ्रेम्स) हा आकडा मी दुय्यम मानला, कारण डोळ्यांना खुपतो तो सरासरी वेग नव्हे तर मध्येच येणारा खड्डा; त्यासाठी सर्वांत संथ अशा एक टक्का फ्रेम्सचा आकडा अधिक उपयोगी पडतो. प्रत्येक खेळात एकच जतन केलेली जागा, एकच वाट आणि तीच सेटिंग्ज ठेवली, आणि प्रत्येक ठिकाणची पहिली फेरी जमेस धरली नाही, कारण पहिल्या फेरीत शेडर (कार्डाला चित्र कसे रंगवायचे ते सांगणाऱ्या छोट्या आज्ञावल्या) तयार होणे आणि डिस्कवरून माहिती येणे यांचे झटके मिसळलेले असतात. व्ही-सिंक (फ्रेम्स मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सोय) आणि फ्रेम्सवरची मर्यादा अर्थातच बंद केली होती. ती चालू राहिली तर कार्ड मुद्दाम कमी काम करते आणि दोष विनाकारण प्रोसेसरच्या माथी येतो.

पहिली कसोटी रिझोल्यूशन उतरवण्याची. ‘सायबरपंक’मध्ये शहराबाहेरच्या ओसाड रस्त्यावर १४४० वरून १०८० वर येताच फ्रेम्स ६० च्या घरातून ९० च्या घरात गेल्या, म्हणजे तिथे कार्डच कमी पडत होते आणि प्रोसेसरकडे देण्यासारखे बरेच शिल्लक होते. त्याच खेळात गर्दीच्या चौकात हाच बदल केला तेव्हा ५० चे जेमतेम ५४ झाले. ‘बाल्डर्स गेट’च्या त्या वस्तीत तर १४४० असो, १०८० असो की अगदी ७२० असो, आकडा ४० च्या आसपास ठाण मांडून बसलेला होता आणि कार्डाचा वापर मात्र प्रत्येक पायरीला खाली जात होता. चित्र अर्ध्याहून लहान केल्यावरही वेग वाढत नसेल, तर चित्र काढणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरी कसोटी मला त्याहून आवडली, कारण ती उलट बाजूने येते आणि तिलाही काही खर्च नाही. विंडोजच्या पॉवर सेटिंग्जमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की त्याचा बूस्ट बंद होतो, म्हणजे माझा प्रोसेसर ३.९ ऐवजी ३.४ गिगाहर्ट्झच्या आसपास अडकून राहतो. आता जिथे प्रोसेसरच अडथळा आहे तिथे वेग साधारण त्याच प्रमाणात घसरला पाहिजे आणि जिथे नाही तिथे तो ढिम्म हलता कामा नये. तसेच झाले. ओसाड रस्त्यावर फरक शून्य, शहराच्या वस्तीत ४० चे ३५. हातातला प्रोसेसर हळू करून पाहिला तर जलद प्रोसेसर कुठे उपयोगी पडेल हे बऱ्यापैकी कळते, आणि माझ्या मते खरेदीपूर्वी प्रत्येकाने करावी अशी ही एकच कसोटी निवडायची झाली तर ती हीच.

‘सिटीज स्कायलाइन्स’साठी फ्रेम्स मोजून उपयोग नव्हता. तिथे चित्र ठीक हलते, पण नागरिक आणि वाहने यांच्या वाटा ठरवणारा हिशेब मागे पडतो. म्हणून खेळातील एका दिवसाला सर्वांत जलद गतीवर घड्याळाचा किती वेळ लागतो ते मोजले. बूस्ट बंद केल्यावर तो वेळही वेगाच्या प्रमाणात वाढला, तेव्हा या खेळाबद्दल शंका उरली नाही.

एवढ्यावर खरेदीकडे वळणे घाईचे झाले असते, कारण प्रोसेसर मंदावण्याची काही कारणे फुकट दूर करता येतात. पंखा आणि हीटसिंक धुळीने भरले असतील तर प्रोसेसर तापून वेग कमी करतो. माझ्याकडे पूर्ण भाराखाली तापमान ७० अंशांच्या थोडे वर होते आणि या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंशांची आहे, तेव्हा ती शक्यता बाद झाली. रॅमची एकच पट्टी असणे किंवा दोन पट्ट्या चुकीच्या खोबणींत असणे हे तर मी ओळखीच्या कित्येक संगणकांत पाहिले आहे: दोन वाहिन्यांऐवजी एकच वाहिनी चालू राहते आणि दोष प्रोसेसरला दिला जातो. त्याहूनही सर्रास आढळणारी गोष्ट म्हणजे बायोसमधील (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमधील) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या जाहीर वेगावर चालवणारे सेटिंग, कधी चालूच न केलेले असणे. मग ३२०० च्या रॅमसाठी पैसे मोजूनही ती २१३३ किंवा २४०० वर चालत राहते. माझी रॅम ३२०० ची असूनही २९३३ वर चालत होती, पण तीच या पिढीच्या प्रोसेसरसाठी एएमडीने सांगितलेली मर्यादा आहे आणि त्यापुढे नेल्यावर संगणक अस्थिर होत असे. खेळ आधीपासून एसएसडीवर होते. राहिली सेटिंग्ज. ‘सायबरपंक’मध्ये गर्दीची घनता सर्वांत कमी केल्यावर चौकातले झटके बरेच कमी झाले, आणि रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रंगवणे) मी तसेही वापरत नव्हतो; ते केवळ कार्डाला जड जाते असा समज आहे, प्रत्यक्षात प्रोसेसरचे कामही त्यात वाढते. पण ओस पडलेले महानगर मला नको होते. आणि कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठे करणाऱ्या डीएलएसएससारख्या तंत्राने या दुखण्यावर इलाज होत नाही, कारण ते कार्डाचे ओझे उतरवते आणि माझ्या अडचणीच्या जागी कार्डावर ओझे नव्हतेच.

प्रोसेसर बदलायचा हे ठरल्यावर कितपत बदलायचे हा प्रश्न उरला, आणि तो पहिल्यापेक्षा अवघड निघाला. एक मार्ग सगळेच नवे घेण्याचा होता. एएमडीचे एएम५ सॉकेट (मदरबोर्डवरील प्रोसेसर बसवण्याची जागा) सप्टेंबर २०२२ मध्ये आले. त्यावर फक्त डीडीआर५ रॅम चालते, म्हणजे प्रोसेसरबरोबर मदरबोर्ड आणि रॅम या दोन्ही वस्तू बदलणे ओघानेच आले. या मार्गात पुढची काही वर्षे नवे प्रोसेसर बसवण्याची सोय मिळते, कारण या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यानंतरही पाठबळ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. माझ्या जागी कोणाकडे जुन्या इंटेल प्रोसेसरचा मदरबोर्ड असता तर बहुधा त्याला हाच मार्ग धरावा लागला असता. इंटेलची सॉकेट्स साधारणपणे दोनेक पिढ्यांनी बदलत आली आहेत, आणि सहाव्या-सातव्या पिढीचा मदरबोर्ड आठव्या-नवव्या पिढीच्या प्रोसेसरसाठी चालत नाही, दोन्हींच्या सॉकेटचे नाव एलजीए ११५१ असले तरीही. पण माझ्या मोजमापांकडे पाहता तीन वस्तूंचा खर्च करून मला मिळणारा लाभ आरटीएक्स ३०६० ने पुन्हा ६० च्या आसपास रोखून धरला असता. तोच पैसा उद्या कार्डाकडे गेलेला बरा.

दुसरा मार्ग आहे त्याच मदरबोर्डवर नव्या पिढीचा प्रोसेसर बसवण्याचा, आणि इथे एएम४ सॉकेटचे दीर्घायुष्य कामी आले. मार्च २०१७ च्या पहिल्या रायझनपासून नोव्हेंबर २०२० च्या रायझन ५००० मालिकेपर्यंत सॉकेट तेच राहिले. अर्थात हे आपोआप घडले नाही. बी-४५० मदरबोर्डांवर ५००० मालिका चालणार नाही असे एएमडीने मे २०२० मध्ये जाहीर केले होते आणि वापरकर्त्यांच्या नाराजीनंतर त्याच महिन्यात तो निर्णय मागे घेतला. तो मागे घेतला गेला नसता, तर माझी ही सगळी मोजमापे कार्ड किंवा संपूर्ण संगणक बदलण्यासाठीच उपयोगी पडली असती. तरीही सॉकेट जुळले म्हणजे प्रोसेसर चालेलच असे नाही. मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरील प्रोसेसरची यादी पाहून, नेमका कोणता प्रोसेसर बायोसच्या कोणत्या आवृत्तीपासून चालतो ते वाचावे लागते.

५००० मालिकेतील नावांबाबतही डोळे उघडे ठेवावे लागतात. रायझन ५ ५५०० आणि ५६०० ही नावे शेजारशेजारची वाटतात, पण ५५०० मध्ये तिसऱ्या स्तराची कॅशे (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) १६ एमबी आहे आणि ५६०० मध्ये ३२. ५६००जी मध्येही १६ च आहे, कारण तो मुळात अंगभूत ग्राफिक्सवाला वेगळ्या घडणीचा प्रोसेसर आहे. रायझन ५ ४५०० तर आणखी मागच्या पिढीचा आणि ८ एमबी कॅशेचा. याउलट ५६०० आणि ५६००एक्स यांच्यात फरक मुख्यतः ४.४ आणि ४.६ गिगाहर्ट्झ एवढाच, जो खेळताना कोणाच्या लक्षात येईल असे मला वाटत नाही. खेळांच्या बाबतीत कॅशे हा आकडा इतका मोलाचा का, याचे उत्तर जुन्या प्रोसेसरच्या रचनेत सापडते. २६०० मधील सहा कोअर तीन-तीनच्या दोन गटांत विभागलेले आहेत आणि प्रत्येक गटाकडे आपापली ८ एमबी कॅशे आहे. एका गटातील कोअरला दुसऱ्या गटातील माहिती लागली की ती आतल्या जोडमार्गावरून आणावी लागते, आणि त्या मार्गाचा वेग रॅमच्या वेगाशी बांधलेला आहे. ५६०० मध्ये सहाही कोअर एकाच गटात असून ३२ एमबी कॅशे सर्वांना सामाईक आहे. खेळातील नागरिक, त्यांच्या वाटा, त्यांचे हेतू ही सगळी विखुरलेली माहिती सतत लागत असते. ती कॅशेत सापडली नाही तर प्रोसेसर रॅमकडे जाऊन थांबतो, आणि त्या थांबण्याच्या काळात गिगाहर्ट्झ कितीही असले तरी व्यर्थ. खेरीज एकाच आवर्तनात होणारे कामही दोन पिढ्यांत वाढले. झेन २ या रचनेवरून झेन ३ वर, म्हणजे ५६०० च्या रचनेवर, येताना ते सरासरी १९ टक्क्यांनी वाढल्याचा एएमडीचा दावा होता आणि माझा प्रोसेसर तर झेन २ च्याही आधीचा, म्हणजे झेन+ चा.

हाच विचार पुढे नेला की माणूस एक्स३डी प्रोसेसरांपाशी येऊन थांबतो. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डी मध्ये मूळ ३२ एमबीवर आणखी ६४ एमबीचा थर रचून एकूण ९६ एमबी कॅशे दिलेली आहे, आणि २०२४ च्या जानेवारीत आलेला ५७००एक्स३डी हा त्याचाच थोडा कमी वेगाचा भाऊ. ज्याला विचारावे तो हाच घ्या म्हणून सांगत होता. युक्तिवादही पटण्यासारखा होता: या सॉकेटवर याहून वरचे काही येणार नाही, तर शेवटची खरेदी सर्वांत चांगली का असू नये? मला तो बराच काळ मोहवत राहिला. पण माझ्याच वहीतल्या आकड्यांकडे पाहिले की उत्साह ओसरे. ‘बाल्डर्स गेट’मध्ये कार्ड एकटे असते तर १४४० वर आणि माझ्या सेटिंग्जवर किती फ्रेम्स देते हे मला ठाऊक होते, कारण शहराबाहेरच्या शांत जागी ते पूर्ण वापरात असताना आकडा साठ-पासष्टवर थांबत होता. ५६०० मला त्याच्या जवळपास नेणार होता. त्यापुढची एक्स३डीची ताकद हे कार्ड असेपर्यंत पडूनच राहिली असती, शिवाय एक्स३डीसोबत कूलर मिळत नाही आणि १०५ वॉटचा तो प्रोसेसर थंड ठेवण्यासाठी नवा घ्यावा लागला असता. ५६०० हा जुन्याप्रमाणेच ६५ वॉटचा, त्यामुळे वीजपुरवठा, मदरबोर्ड आणि कूलर यांपैकी कशाचीच चिंता नव्हती. अपवाद एकच, ‘सिटीज स्कायलाइन्स’चा. त्या खेळाला कार्डाची मर्यादा आड येत नाही आणि मोठी कॅशे तिथे खरोखर फळाला येते. मी तो एकच खेळ खेळत असतो, किंवा वरचे कार्ड वर्षभरात घेणार असतो, तर एक्स३डीच घेतला असता. तसे नव्हते, म्हणून ५६०० घेतला.

बी-४५० वर पीसीआय एक्सप्रेसची (ग्राफिक्स कार्ड ज्या मार्गाने जोडले जाते त्याची) ३.० हीच आवृत्ती मिळते, नव्या प्रोसेसरला ४.० येत असले तरी, याची मला आठवण करून देण्यात आली होती. आरटीएक्स ३०६० सोळा मार्गिका वापरते, त्यामुळे तिला ३.० पुरेसे आहे. आठ किंवा चारच मार्गिका असलेले कार्ड आणि त्यावर अपुरी मेमरी अशी जोडी असती तर मात्र मी या मुद्द्याला अधिक वजन दिले असते.

प्रत्यक्ष बदलाचे काम तासाभराचे, पण त्याचा क्रम चुकवून चालत नाही. बायोस आधी, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अद्ययावत करायचा. नवा बसवल्यावर पडदा काळाच राहिला तर तो अद्ययावत करण्यासाठी पुन्हा जुना बसवावा लागतो, बायोस फ्लॅशबॅकची, म्हणजे प्रोसेसरशिवाय बायोस अद्ययावत करण्याची, सोय असलेला मदरबोर्ड नसेल तर. माझ्या मदरबोर्डच्या यादीत नव्या आवृत्तीपूर्वी मधली एक आवृत्ती बसवावी अशी तळटीप होती, ती पाळली. त्याहीआधी विंडोजची डिस्क एन्क्रिप्शन तात्पुरती स्थगित केली आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून घेतली. या संगणकांतील टीपीएम (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या जपणारी सोय) ही वेगळी चिप नसून प्रोसेसरच्याच आत असते, त्यामुळे प्रोसेसर बदलला की जुन्या किल्ल्या त्याच्याबरोबर जातात. नवा प्रोसेसर बसवल्यानंतर पहिल्याच वेळी पडद्यावर टीपीएम नव्याने सुरू करायचे का, असा इंग्रजीतला प्रश्न येतो आणि हाताशी रिकव्हरी की नसेल तर तिथे ‘वाय’ दाबणे महागात पडू शकते.

एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, सॉकेटमध्ये नाही. वाळलेली थर्मल पेस्ट कूलरला प्रोसेसरशी इतकी घट्ट धरून ठेवते की कूलर सरळ वर ओढला तर सॉकेटची कडी बंद असतानाही प्रोसेसर त्याच्याबरोबर उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून बंद करण्यापूर्वी संगणक काही मिनिटे जड कामाला लावून पेस्ट गरम करून घेतली, वीज काढली, स्क्रू कर्णाच्या क्रमाने थोडे थोडे सैल केले आणि कूलर न ओढता आधी दोन्ही बाजूंना हलकेच फिरवला. तो सुटला. सोनेरी त्रिकोण जुळवून नवा प्रोसेसर ठेवला की तो स्वतःच्या वजनाने खाली बसतो. दाबावे लागत असेल तर काहीतरी चुकते आहे. बायोस अद्ययावत केल्यावर सगळी सेटिंग्ज मूळपदावर गेलेली असतात, त्यामुळे एक्सएमपी पुन्हा चालू केले, आणि ज्या पट्ट्या आजवर २९३३ च्या पुढे जात नव्हत्या त्या ३२०० वर निमूटपणे चालू लागल्या. विंडोज नव्याने टाकण्याची गरज पडली नाही. चिपसेटचा ड्रायव्हर तेवढा नवा घेतला.

मग तीच वहीतली मोजमापे, त्याच जागी आणि त्याच वाटांवर. ओसाड रस्त्यावर काडीचाही फरक नाही, आणि तो नसणे हीच अपेक्षा होती. गर्दीच्या चौकात सरासरी ५० वरून ६० च्या जवळ गेली, पण खरा फरक संथ फ्रेम्सच्या आकड्यात होता: आधी ३० च्या आसपास असलेला तो आकडा आता ४५ च्या वर राहतो, आणि गाडी वळवताना बसणारा झटका बहुतेक वेळा जाणवत नाही. गर्दीची घनता मी परत वाढवून ठेवली. ‘बाल्डर्स गेट’च्या वस्तीत ४० चे ५७-५८ झाले आणि कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर गेला, म्हणजे ताबा आता कार्डाकडे आला. ‘सिटीज स्कायलाइन्स’मधील एक दिवस सुमारे तिसऱ्या हिश्शाने लवकर संपतो, शहर आणखी वाढले की तो पुन्हा लांबत जाईल. तापमान मात्र माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त निघाले, पूर्ण भाराखाली ८० अंशांपर्यंत. आकाराने लहान झालेल्या चिपमध्ये तेवढीच उष्णता एकवटते, म्हणून ते चुकीचे नाही, आणि या प्रोसेसरची मर्यादा ९० अंशांची आहे. तरी पंख्याच्या वेगाची आखणी बदलून घेतली, नाहीतर वेब पान उघडतानाही तो अकारण घरघरत असे.

जुना २६०० पुतणीच्या संगणकात गेला. तिच्याकडे चार कोअरचा रायझन ५ १४०० होता, आणि पहिल्या पिढीतील त्या प्रोसेसरचे नाव विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. २६०० चे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपल्यामुळे तिला संगणकच बदलावा लागेल असे घरात चालले होते. तिच्या मदरबोर्डचा बायोस आधी अद्ययावत केला, दोन जास्तीचे कोअर मिळाले आणि विंडोज ११ विनातक्रार बसले. तिच्या खेळांची मोजमापे अजून झालेली नाहीत, पण तिच्या रॅमची एकच पट्टी आहे हे मी झाकण उघडताच पाहिले आणि दुसरी आणायला सांगितली आहे.